काउसेची गाय आली आणि फाइल जायची थांबली: नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचे उपाय

कालपर्यंत सर्व्हरवर फाइल जात होती, आज जात नाही. पासवर्ड बरोबर आहे, लॉगिनची किल्ली (की) बरोबर आहे, एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या नेहमीच्या वाटेने, आत जाता येतं, आत सगळं जागच्या जागी दिसतं. फक्त त्याच वाटेने फाइली नेणारे एससीपी आणि एसएफटीपी रुसून बसलेत. मधे काय बदललं असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘काहीच नाही’. मग .बॅशआरसी, म्हणजे कमांड चालवणारा शेल (बॅश) सुरू होताना वाचतो ती फाइल, उघडून बघावी, तर पहिल्याच ओळीवर ‘फॉर्च्यून | काउसे’ बसलेलं असतं.

ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. विचारणारा बदलतो, गाय तीच असते. म्हणून हिच्यासोबत टर्मिनलमधल्या बाकीच्या प्राण्यांच्या तक्रारीही एकदाच लिहून ठेवतो.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काउसे हा टोनी मन्रो यांनी पर्लमध्ये लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम, १९९९ सालापासूनचा. दिलेला मजकूर तो फुग्यात घालतो आणि खाली साध्या चिन्हांनी गाय काढतो. काउथिंक हा वेगळा प्रोग्रॅम नाही. तीच फाइल त्या नावाने हाक मारली की बोलण्याऐवजी विचार करण्याचा फुगा काढते. ‘-एफ’ लावून गायीच्या जागी टक्स पेंग्विन, ड्रॅगन, स्टेगोसॉरस असे प्राणी बोलावता येतात. फॉर्च्यून दर वेळी एक नवं वाक्य पुरवतो, लोलकॅट सगळ्याला इंद्रधनुषी रंग देतो, आणि तिघांना पाइपने (‘|’, एकाचं आउटपुट दुसऱ्याला देणारं चिन्ह) जोडलं की टर्मिनल उघडताच करमणूक.

कमांड खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं आणि अंकच वापरायचे. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

एसएसएच चालतं, फाइल मात्र जात नाही

एसएफटीपी वापरलंत तर पडद्यावर हे येईल:

रिसीव्ड मेसेज टू लाँग ५४३१२१२४७

आकडा बघून लोक बिचकतात. चोपन्न कोटींचा कसला मेसेज? डिस्क भरली का? कोणी आत घुसलंय का? काही नाही, हा आकडा म्हणजे गायीचा फुगा आहे, अगदी अक्षरशः.

एसएफटीपीमध्ये प्रत्येक निरोपाच्या आधी चार बाइटमध्ये त्या निरोपाची लांबी येते. तुमच्याकडचा एसएफटीपी ती लांबी वाचायला बसलेला असतो. पलीकडून लांबीच्या जागी येते काउसेच्या चित्राची पहिली ओळ, म्हणजे एक स्पेस आणि पुढे अंडरस्कोअरची रांग. स्पेसचा आस्की क्रमांक ३२ आणि अंडरस्कोअरचा ९५. म्हणजे पहिली चार बाइट झाली ३२, ९५, ९५, ९५. ही एक संख्या म्हणून वाचली, तर ३२ गुणिले १६७७७२१६, अधिक ९५ गुणिले ६५५३६, अधिक ९५ गुणिले २५६, अधिक ९५. करा बेरीज: ५४३१२१२४७. त्यामुळे कोणी हा आकडा पाठवला, की त्याच्या सर्व्हरवर लॉगिन न करताही सांगता येतं, तिकडे गाय बांधलेली आहे.

गाय नसून कोणी नुसतंच देवनागरीत ‘एको नमस्कार’ लिहून ठेवलं असेल, तर आकडा ३७६८८८७५२० येतो. ‘न’ची यूटीएफ-८ मधली तीन बाइट २२४, १६४, १६८ आणि पुढच्या ‘म’चं पहिलं बाइट पुन्हा २२४, त्यांचा हा हिशेब. आकडा कोणताही असो, दुखणं एकच.

बाकीचे प्रोग्रॅम हीच गोष्ट आपापल्या भाषेत सांगतात. फाइली जुळवून घेणारा आरसिंक ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच’ म्हणून लगेच विचारतो, ‘इज युअर शेल क्लीन?’ माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत समंजस प्रश्न हाच आहे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट ‘बॅड लाइन लेंग्थ कॅरॅक्टर’ म्हणतो आणि पुढे ती पहिली चार चिन्हं छापतो. नीट पाहिलंत तर तिथे तीन अंडरस्कोअर दिसतील. जुनं एससीपी सर्वांत वाईट वागतं: फुग्याची वरची रेघ तेवढी दाखवतं आणि फाइल न पाठवताच संपतं. ओपनएसएसएचच्या ९.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, एससीपी आतून एसएफटीपीच वापरतं. म्हणून नव्या मशीनवरून तोच मोठा आकडा दिसतो आणि जुन्या मशीनवरून नुसती रेघ. दोन सहकारी दोन वेगळ्या एरर सांगत भांडत असतील तर त्यांच्या आवृत्त्या बघा.

हे होतं कारण एसएसएचने पलीकडे एखादी कमांड चालवली, की ती तिथल्या शेलमधून, म्हणजे बहुधा बॅशमधून, चालते आणि बॅश त्याआधी .बॅशआरसी वाचतो. समोर माणूस बसलेला नसला तरी वाचतो. गायीला कुठे ठाऊक, समोर कोण आहे. ती छापून मोकळी होते आणि तिचं चित्र थेट फाइलींच्या प्रवाहात मिसळतं.

उबुंटू आणि डेबियन या लिनक्सच्या वाणांच्या (डिस्ट्रोंच्या) मूळ .बॅशआरसीत यावर आधीच बंदोबस्त केलेला असतो. अगदी वरच्या ओळींत एक तपासणी आहे: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल, म्हणजे समोर माणूस नसेल, तर इथूनच परत फिरा. गाय त्या ओळींच्या खाली लावली तर काही बिघडत नाही. पण लोकांना गाय सर्वांत आधी हवी असते, म्हणून ते तिला फाइलच्या डोक्यावर बसवतात, आणि तिथेच घोळ होतो. सर्व्हरवर दुसरं डिस्ट्रो असेल किंवा .बॅशआरसी कुठून तरी उचलून आणलेली असेल, तर ही तपासणी असेलच असं नाही. म्हणून स्वतःची अट स्वतः लावणं बरं:

इफ [[ $- == *आय* && -टी १ ]]; देन
फॉर्च्यून -एस | काउसे
फाय

पहिली अट शेल इंटरॅक्टिव्ह आहे का ते बघते. दुसरी बघते की आउटपुट खरोखर टर्मिनलवर जातंय का, की दुसऱ्या प्रोग्रॅमकडे. बऱ्याच ठिकाणी पहिलीच अट सांगतात आणि तेवढ्यावर भागतंही, पण एखादी स्क्रिप्ट बॅशला ‘-आय’ लावून बोलावते तेव्हा ती फसते. दोन्ही लावा, काही खर्च नाही.

बॅशऐवजी झेडशेल वापरणाऱ्यांनी गाय .झेडशआरसीत ठेवावी. .झेडशएन्व्हमध्ये ठेवू नये, कारण ती फाइल प्रत्येक वेळी वाचली जाते. फिश या शेलची कॉन्फिग फाइलही दर वेळी वाचली जाते, तिथे ‘इफ स्टेटस इज-इंटरॅक्टिव्ह’च्या आत ठेवा.

दुरुस्ती झाली की नाही हे तपासायला फाइल पाठवून बघायची गरज नाही. आपल्या मशीनवरून हे चालवा:

एसएसएच सर्व्हरचं-नाव /बिन/ट्रू > आउट.डॅट

‘ट्रू’ ही कमांड काहीच छापत नाही, त्यामुळे आउट.डॅट शून्य बाइटची हवी. एकही बाइट आत सापडलं तर शेल अजून बडबड करतोय. फाइल उघडून बघा, बडबड करणारा कोण ते त्यातच असतं. हा उपाय आरसिंकच्या मॅन पेजमध्येही दिलेला आहे, पण मॅन पेज कोण वाचतो!

एक फसवी केस सांगून ठेवतो. काही सर्व्हरवर एसएफटीपी व्यवस्थित चालतं आणि आरसिंक तेवढा पडतो. अशा वेळी लोक आरसिंकची आवृत्ती बदलत बसतात. त्या सर्व्हरवर एसएसएच सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या (एसएसएचडीच्या) कॉन्फिगमध्ये ‘इंटर्नल-एसएफटीपी’ लावलेलं असतं. ते शेलला न विचारता एसएसएचडीच्या आतच चालतं, म्हणून गाय त्याच्या वाटेत येत नाही. आरसिंकला मात्र शेलमधूनच जावं लागतं. म्हणजे एसएफटीपी चालतंय यावरून शेल स्वच्छ आहे असं ठरवता येत नाही.

आणि सर्व्हर सामायिक असेल तर गाय स्वतःच्या होम फोल्डरमध्येच ठेवावी. /ईटीसीखालच्या सगळ्यांना लागू होणाऱ्या बॅशच्या फाइलीत हौस म्हणून गाय घालणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बॅकअप बघणारा माणूस शोधत येतो, आणि तो हसत येत नाही. सगळ्यांना दाखवायचीच असेल तर उबुंटूवर /ईटीसी/अपडेट-एमओटीडी.डी हे फोल्डर त्यासाठीच आहे. तिथला मजकूर माणूस लॉगिन करतो तेव्हा दिसतो, फाइलींच्या वाटेत येत नाही. तिथे दोन अडचणी हमखास येतात. फाइल एक्झिक्युटेबल नसते, किंवा तिच्या नावाच्या शेवटी ‘.एसएच’ लावलेलं असतं. तिथल्या स्क्रिप्ट चालवणारा रन-पार्ट्स असं नाव दिसलं की एरर न देता ती फाइल सोडून देतो. नाव ‘९९-गाय’ अशा धाटणीचं ठेवा, टिंब नको.

इन्स्टॉल केलं, तरी ‘कमांड नॉट फाउंड’

हे डेबियन आणि उबुंटूवरचं खास दुखणं आहे. तिथे काउसे, फॉर्च्यून आणि आगगाडी पळवणारा एसएल हे सगळे ‘खेळ’ मानले जातात आणि नेहमीच्या /यूएसआर/बिनऐवजी /यूएसआर/गेम्समध्ये जातात. साध्या यूजरच्या पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) ते फोल्डर असतं, डेबियनच्या रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी यूजरच्या, पाथमध्ये नसतं. रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा सुडोही स्वतःचा ठरवलेला पाथ लावतो, त्यातही नसतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ तर दोन फोल्डरांचा, /यूएसआर/बिन आणि /बिन. त्यामुळे तीच गाय तुम्ही बोलावलीत तर येते, सुडोने बोलावली तर येत नाही, आणि क्रॉनमधून सकाळच्या मेलमध्ये यायची तर अजिबात येत नाही.

उपाय सोपा आहे: स्क्रिप्टमध्ये, क्रॉनमध्ये आणि वर सांगितलेल्या एमओटीडीतही पूर्ण पत्ता लिहा, /यूएसआर/गेम्स/काउसे. पाथ वाढवायचा मोह टाळा. रूटचा पाथ गायीसाठी लांबवणं मला तरी पटत नाही.

प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरमध्येही हेच होतं, कारण कंटेनरमध्ये आपण बहुधा रूट असतो. डॉकरच्या जुन्या ट्युटोरियलमध्ये गायीच्या जागी देवमासा काढणारी ‘व्हेलसे’ नावाची इमेज होती आणि शिकणारे तीत फॉर्च्यून जोडायचे. त्या उदाहरणात फॉर्च्यूनचा पत्ता पूर्ण लिहिलेला असायचा. तो जास्तीचा समजून ज्यांनी गाळला, त्यांचा मासा गप्प बसला.

फेडोरावर किंवा मॅकवर होमब्र्यूने घातलं तर हा प्रश्न येत नाही.

याच्या उलट तक्रार अँसिबलवाल्यांची (अँसिबल म्हणजे अनेक मशीनची मांडणी एकदम करणारा प्रोग्रॅम) असते: ‘मी गाय बोलावलीच नाही, तरी प्रत्येक टास्कच्या मथळ्यावर गाय येते.’ हा बिघाड नाही, तशी सोयच केलेली आहे. मशीनवर काउसे सापडला की अँसिबल आपले मथळे गायीच्या तोंडून वदवतो. आणि तो पाथवर विसंबत नाही, नेहमीच्या चारेक ठिकाणी स्वतः जाऊन बघतो, त्यांत /यूएसआर/गेम्सही आहे. म्हणून रूटला न सापडणारी गाय अँसिबलला बरोबर सापडते. घरच्या मशीनवर मजा आहे, पण शंभर टास्कचा लॉग वाचायचा असेल तर जीव नकोसा होतो. ‘अँसिबल_नोकाउज’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, सगळा मोठ्या अक्षरांत, १ करा, किंवा अँसिबलच्या कॉन्फिग फाइलीत डिफॉल्ट्सखाली ‘नोकाउज = १’ लिहा. गाय काढून टाकायची गरज नाही.

मराठी मजकूर आणि फाटका फुगा

हे आपल्या लोकांचं खास दुखणं, आणि यावर मिळणारी उत्तरं बहुतेक अर्धवट असतात. लक्षण असं: रोमनमध्ये लिहिलं की फुगा गोल गरगरीत, देवनागरीत लिहिलं की उजवी भिंत कुठेतरी लांब जाते, दर ओळीला वेगळ्या जागी, किंवा दोन शब्दांतच ओळ तुटते.

‘नमस्कार’ हा शब्द घ्या आणि कॉम्प्युटरला त्याची लांबी विचारा:

प्रिंटएफ 'नमस्कार' | डब्ल्यूसी -सी

उत्तर येतं २१. ही बाइट झाली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘-सी’च्या जागी ‘-एम’ लावा, उत्तर ७: न, म, स, हलन्त, क, काना, र. आता मोठ्या अक्षरातलं ‘-एल’ लावा, म्हणजे टर्मिनलवर किती रकाने लागतील ते कळतं. लिनक्सवर उत्तर ६ येतं, कारण हलन्ताला स्वतःचा रकाना नाही, कान्याला मात्र आहे. आणि आपल्या डोळ्यांना दिसतात चार अक्षरं: न, म, स्का, र. एकाच शब्दाच्या चार लांब्या. भिंत कुठे बांधायची हे काउसेने यांतल्या कोणत्या लांबीवर ठरवावं? (प्रिंटएफऐवजी एको वापरलंत तर ओळ संपवणारं एक बाइट वाढून २२ येतील, गोंधळू नका.)

मूळ काउसे पहिल्या लांबीवर, म्हणजे बाइटवर चालतो. त्याची ओळ मुळात ४० रकान्यांची असते. ४० बाइटमध्ये देवनागरीची तेराच चिन्हं मावतात, म्हणून ओळ दोन शब्दांत तुटते. शिवाय रिकामी जागाही बाइट मोजूनच भरली जाते, म्हणून भिंती वाकड्या. डेबियन आणि उबुंटूवरच्या काउसेसोबत रकाने मोजणारं एक पर्ल मॉड्यूल आपोआप येतं, त्यामुळे तिथे हिशेब पुष्कळ सुधारतो. पण हे मॉड्यूल लोकेलला (भाषा आणि लिपीच्या सेटिंगला) विचारून मोजतं. लोकेल नुसतं ‘सी’ किंवा ‘पॉसिक्स’ असेल तर त्याला देवनागरी कळतच नाही.

म्हणून आधी ‘लोकेल’ ही कमांड देऊन बघा. यूटीएफ-८ दिसत नसेल तर एकदा असं करून पाहा:

एलसी_ऑल=सी.यूटीएफ-८ काउसे 'नमस्कार मंडळी'

यात ‘एलसी_ऑल’, ‘सी’ आणि ‘यूटीएफ’ मोठ्या अक्षरांत. याने फुगा सुधारला तर दुखणं लोकेलचं होतं, कायमचं लोकेल बदलून टाका. ‘पर्ल: वॉर्निंग: सेटिंग लोकेल फेल्ड’ अशी ओळ गायीच्या आधी येत असेल तर तेही याचंच भावंड आहे. तुमच्या लॅपटॉपने एसएसएचबरोबर आपलं लोकेल पाठवलं आणि सर्व्हरवर ते तयार केलेलं नाही. डेबियनवर ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ चालवून हवं ते निवडा. यादीत मराठीचं ‘एमआर_आयएन’ही मिळेल.

लोकेल बरोबर असूनही भिंत थोडी हलतेच, याचं कारण टर्मिनलमध्ये आहे. ‘स्त्री’ला काउसे रकाने मोजून देतो चार: स, त, र आणि वेलांटी. फाँट मात्र जोडाक्षर करून ते त्याहून कमी जागेत काढतो. आता त्या अक्षरामागे जागा मोकळी सोडायची की पुढचं अक्षर जवळ ओढायचं, हे प्रत्येक टर्मिनल आपापल्या मनाने ठरवतं. एकाच फुग्याचा स्क्रीनशॉट दोन टर्मिनलांत दोन तऱ्हेचा दिसतो तो यामुळे. भारतीय लिप्या नीट जुळवण्यात एमएलटर्मचं नाव जुनं आहे, ते लावून बघायला हरकत नाही. पण गायीसाठी कोणी टर्मिनल बदलेल असं वाटत नाही.

त्यापेक्षा मी एकाच ओळीचा उपाय सुचवेन. फुग्यात एकच ओळ असली की काउसे दोन्ही बाजूंना फक्त टोकदार कंस काढतो. दुसरी भिंतच नाही, तर ती वाकडी दिसणार कुठून? वरची-खालची रेघ थोडी लांब-आखूड झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या अक्षरातलं ‘-डब्ल्यू’ वापरून ओळीची रुंदी वाढवा, ‘-डब्ल्यू ९०’ वगैरे, आणि मजकूर छोटा ठेवा. म्हणी यासाठी अगदी मापाच्या आहेत.

म्हणींचा फॉर्च्यून आणि अर्धी म्हण

फॉर्च्यूनची वाक्यं इंग्रजी असतात, म्हणून स्वतःची मराठी फाइल करणारे बरेच असतात. रीत अशी: साध्या टेक्स्ट फाइलीत एक म्हण लिहायची, पुढच्या ओळीवर एकटंच टक्क्याचं चिन्ह, मग दुसरी म्हण. गायीच्याच तोंडी घालायच्या तर ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ आणि ‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ पहिल्या मानाच्या. फाइल झाली की ‘स्ट्रफाइल म्हणी’ चालवायचं, त्याने शेजारी ‘म्हणी.डॅट’ तयार होते. मग ‘फॉर्च्यून ./म्हणी | काउसे -डब्ल्यू ९०’.

तक्रार येते ती काही दिवसांनी: म्हण अर्धीच येते, मधूनच सुरू होते, किंवा नव्या घातलेल्या म्हणी कधी येतच नाहीत. डॅट फाइलीत म्हणी नसतात, कोणती म्हण कितव्या बाइटला सुरू होते एवढीच नोंद असते. तुम्ही वर एक म्हण वाढवलीत की खालच्या सगळ्यांचे पत्ते सरकतात, आणि डॅट फाइल जुन्याच पत्त्यावर जाऊन वाचते. मूळ फाइलीला हात लावला की स्ट्रफाइल पुन्हा चालवायचाच. टक्क्याच्या चिन्हामागे चुकून स्पेस राहिली तर ती ओळ दुभाजक धरली जात नाही आणि दोन म्हणी एकत्र येतात, तेही बघा.

‘नो फॉर्च्यून्स फाउंड’ आलं तर प्रोग्रॅम आहे पण वाक्यांचा साठा नाही. डेबियनवर ‘फॉर्च्यून्स’ हे वेगळं पॅकेज आहे.

बारीकसारीक

गाय येते पण फुगा रिकामा: चूक गायीची नाही, पाइपच्या डावीकडची आहे. फॉर्च्यून बसवलेला नसेल किंवा त्याने एरर दिली असेल. एररचा मजकूर पाइपमधून जात नाही, तो सरळ पडद्यावर येतो. एररही गायीच्या तोंडून ऐकायची असेल तर पाइपच्या आधी ‘२>&१’ लावा.

काउसे लिहून एंटर मारलं आणि टर्मिनल गोठलं: गोठलेलं नाही, काउसे तुमच्या मजकुराची वाट बघतोय. वाक्य लिहा, एंटर, मग कंट्रोल-डी.

‘इव्हेंट नॉट फाउंड’: दुहेरी अवतरणात उद्गारचिन्हाला लागून पुढे शब्द आला की बॅश त्याला हिस्टरीची कमांड समजतो. एकेरी अवतरण वापरा.

रंग लावल्यावर फुगा फाटला: लोलकॅट काउसेच्या आधी आलाय. रंगाचा एक संकेत, उदाहरणार्थ २५६ रंगांतला लाल, डोळ्याला शून्य जागा घेतो पण अकरा चिन्हांचा असतो, आणि तीही मोजली जातात. लोलकॅट नेहमी शेवटी. मधे ठेवल्यावर कोणाचा रंगच जातो, कारण समोर टर्मिनल नाही हे ओळखून लोलकॅट रंग देतच नाही. त्यावर ‘-एफ’ लावून जबरदस्ती केली की मग फुगा फाटतो.

व्हॉट्सॲपवर पाठवलेली गाय विस्कटते: तिथला फाँट समान रुंदीचा नाही. चित्राच्या आधी आणि नंतर तीन-तीन बॅकटिक द्या.

स्वतः काढलेला प्राणी दिसत नाही: पोळ्याला बैल करून बघणारे इथे अडकतात. प्राण्याची फाइल ‘.काउ’ने संपते आणि ती चित्र नसून पर्लचा तुकडा असतो. म्हणून चित्रातला प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो आणि ॲटच्या चिन्हाआधीही बॅकस्लॅश लागतो. नाही तर बैलाचा एक पाय गायब. फाइल चालू फोल्डरमध्ये असेल तर ‘-एफ’पुढे ‘./’ लावून नाव द्या. नावात स्लॅश नसला तर काउसे फक्त आपल्या ठरलेल्या फोल्डरांतच शोधतो. मूळ आवृत्तीत ‘काउपाथ’ स्वतः सेट केलात तर जुना पत्ता पुसला जातो आणि ‘-एल’च्या यादीतून बाकी सगळे प्राणी नाहीसे होतात. दोन्ही फोल्डर मधे विसर्गासारखं कोलन देऊन लिहा.

आणि ती फाइल पर्लचा तुकडा आहे, हे पुन्हा वाचा. कुठून तरी उतरवलेली ‘.काउ’ फाइल चालवणं म्हणजे अनोळखी माणसाची स्क्रिप्ट चालवणं. उघडून बघितल्याशिवाय चालवू नका, आणि सुडोने तर मुळीच नको.

पोनीसे: हा पायथनमधला, रंगीत घोड्यांचा. यूटीएफ-८ आणि २५६ रंग दोन्ही असले की तो खुलतो. ग्राफिकल डेस्कटॉपमधल्या टर्मिनलवर सुंदर दिसतो, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून येणाऱ्या काळ्या कन्सोलवर तसा दिसेलच असं नाही. तो कन्सोलच तेवढा आहे, घोड्याला दोष नाही. प्रत्येक नव्या टॅबला पायथन उठवावा लागतो म्हणून जुन्या लॅपटॉपवर टर्मिनल उघडायला वेळ लागतो. तिथे गायच बरी.

आगगाडी थांबत नाही: टोयोडा मासाशी यांचा १९९३चा एसएल हा ‘एलएस’ उलटं टाइप करणाऱ्यांना धडा शिकवायलाच लिहिलाय. कंट्रोल-सीला दाद न देणं हा त्याचा स्वभाव. गाडी जाऊ द्या.

अस्कीक्वेरियम उघडत नाही, ‘टर्म/ॲनिमेशन.पीएम’ सापडत नाही म्हणतो: कर्क बॉकम यांचं हे मत्स्यालयही पर्लचंच आहे, आणि नुसती स्क्रिप्ट उतरवली तर टर्म::ॲनिमेशन आणि कर्सेस ही मॉड्यूल सीपॅनवरून (पर्लच्या मॉड्यूलांच्या कोठारातून) वेगळी घालावी लागतात. माशांमधून बाहेर पडायला क्यू दाबा. टर्मिनलची खिडकी लहान-मोठी केल्यावर मासे जुन्याच मापात फिरत राहिले तर आर दाबा, पाणी नव्याने भरलं जाईल.